लग्न १९८९ चं, वडील २००१ मध्ये गेले: मग माहेरच्या जमिनीत हिस्सा आहे की नाही?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं. सहा एकर जमीन, वडील २००१ मध्ये वारले. आई हयात आहे, दोन भाऊ आणि तुम्ही दोघी बहिणी. तुमचं लग्न १९८९ चं. आता जमिनीतून रस्ता जातोय, मोबदल्याची नोटीस आली आणि पुढच्या आठवड्यात हक्कसोड पत्रावर सही करायला या, असा भावांचा निरोप आला. थोरला म्हणतो, १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हिस्साच नाही. धाकटा म्हणतो, वडील २००५ च्या आधी गेले म्हणून नाही. गावातलं कुणीतरी २०२० च्या निकालाचं सांगतं. तुम्ही विचारलंय, सही करू का? आणि त्याखाली लिहिलंय, "आम्हा बायकांच्या वाट्याला प्रत्येक वेळी नवी तारीख का येते?"

मी वकील म्हणून सव्वीस वर्षं तालुका आणि जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं करते, त्यातली निम्म्याहून जास्त वाटपाची. पहिला प्रश्न रोज कानावर येतो. दुसरा फार कमी जणी विचारतात, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. या तारखा कुठून आल्या हे एकदा कळलं की भाऊ कुठे खरं बोलतोय आणि कुठे त्याची माहिती जुनी आहे, हे तुम्हालाच ओळखता येईल.

आधी थेट उत्तर. तुम्ही सांगितलं तेवढ्यावरून तुमचा हक्क आहे, आणि तो भावांइतकाच आहे. लग्न कोणत्या साली झालं याने आज काही फरक पडत नाही. वडील २००५ च्या आधी गेले यानेही पडत नाही. आणि एक साधी गोष्ट लक्षात घ्या: जिचा हक्कच नाही, तिची सही कुणी मागत नाही.

मात्र काही गोष्टी कागद पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं होतं का? २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा वाटपाचा हुकूमनामा झाला होता का? त्या तारखेच्या आधी जमीन विकली गेली होती का? तुम्ही पूर्वी कधी, कशावरही सही किंवा अंगठा दिला होता का? यातलं काहीही असेल तर उत्तर बदलू शकतं. ज्यावर हे उत्तर उभं आहे तो हिंदू उत्तराधिकार कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू होतो. अनुसूचित जमातींना कलम २(२) प्रमाणे तो आपोआप लागू होत नाही, त्यामुळे आदिवासी भगिनींनी माझं हे उत्तर जसंच्या तसं स्वतःला लावू नये. मुस्लिम कुटुंबांचा वारसा कायदाही वेगळा आहे.

आता तारखा.

१९३७ च्या आधी एकत्र हिंदू कुटुंबात नवरा गेला की त्याचा हिस्सा त्याच्या भावांकडे आणि मुलांकडे जायचा, विधवेच्या वाट्याला पोटगी यायची. १९३७ चा कायदा डॉ. गो. वि. देशमुखांनी मांडला म्हणून त्याला देशमुख कायदाही म्हणतात. त्याने विधवेला नवऱ्याचा हिस्सा मिळाला, पण फक्त हयातीपुरता. ती तो खाऊ शकत होती, अगदी गरज दाखवल्याशिवाय विकू शकत नव्हती. मुलीला त्यात काहीच नव्हतं. अखिल भारतीय महिला परिषद १९२७ मध्ये पुण्यात भरली ती मुलींच्या शिक्षणासाठी, पण काही वर्षांतच तिथल्या बायकांना कळून चुकलं की शिकलेली मुलगीसुद्धा वारसाच्या बाबतीत हात रिकामे घेऊनच घराबाहेर पडते. १९३४ मध्ये त्यांनी कायद्यातल्या या अन्यायांविरुद्ध देशभर दिवस पाळला आणि सगळा हिंदू कायदाच नव्याने लिहा, अशी मागणी लावून धरली. त्या रेट्यातून पुढे १९४१ मध्ये सरकारने हिंदू कायद्यासाठी नेमलेली राव समिती आली.

समितीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. १९४८ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री असताना तो प्रवर समितीत गेला, आणि बाहेर आला तेव्हा मुलीचा वाटा मुलाइतका झालेला होता. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या मसुद्यात मुलग्यांचा जन्मसिद्ध हक्कच काढून टाकला होता. जन्माला आला म्हणून हिस्सेदार, ही कल्पनाच नाही. माणूस गेला की त्याची मालमत्ता बायको, मुलगा, मुलगी यांच्यात वाटली जाणार, झालं. हंसा मेहता, दुर्गाबाई (पुढे देशमुख) आणि रेणुका रे यांच्यासारख्या बायका सभागृहात त्या बाजूने उभ्या होत्या.

विरोधकांचं म्हणणं होतं की जमिनीचे तुकडे होतील, जावई घरात शिरेल आणि भावा-बहिणीचं प्रेम तुटेल. ताई, ही तिन्ही वाक्यं मी गेल्या महिन्यात तहसील कचेरीच्या व्हरांड्यात एका भावाच्या तोंडून ऐकली, त्याच क्रमाने. पाच भावांत पाच तुकडे होतात तेव्हा तुकड्यांची काळजी कुणी बोलून दाखवत नाही, ती बहिणीचं नाव निघालं की सुरू होते.

ते विधेयक, म्हणजे हिंदू कोड बिल, रखडवलं गेलं. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला आणि आपल्या निवेदनात या विधेयकाच्या वाताहतीबद्दल स्पष्ट लिहिलं: स्त्री-पुरुषांमधली विषमता तशीच ठेवून आर्थिक प्रश्नांवर कायदे करत राहणं म्हणजे शेणाच्या ढिगावर महाल बांधणं. त्यानंतर त्या संहितेचे तुकडे करून ती मंजूर झाली. वारशाचा तुकडा १७ जून १९५६ ला लागू झाला, तो हिंदू उत्तराधिकार अधिनियम.

त्याने बायकांना दोन मोठ्या गोष्टी दिल्या. कलम १४ ने बाईच्या ताब्यातल्या मालमत्तेवरची हयातीपुरती ही मर्यादा गेली, ती पूर्ण मालक झाली. कलम ८ ने वडिलांच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस झाली. पण वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतला मुलग्यांचा जन्मसिद्ध हक्क, जो बाबासाहेबांच्या मसुद्याने काढला होता, तो कलम ६ मध्ये परत बसवला गेला. तुमच्या सगळ्या तारखांचं मूळ त्या एका कलमात आहे.

त्याचा परिणाम तुमच्याच सहा एकरांवर दाखवते. सहा एकर म्हणजे २४० गुंठे. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची आहे असं धरा. जुन्या कलम ६ प्रमाणे वडील गेले त्या क्षणी कागदावर एक वाटणी झाली असं मानायचं: वडील, आई आणि दोन भाऊ, चौघांना ६०-६० गुंठे. त्यात तुम्ही दोघी नाहीच. मग वडिलांचे ६० गुंठे त्यांच्या पाच वारसांत, म्हणजे आई आणि चार मुलांत, १२-१२ गुंठ्यांनी वाटायचे. भावाला ७२, आईला ७२ आणि तुम्हाला १२.

आज तुम्ही दोघी जन्माने हिस्सेदार आहात, म्हणून कागदावरच्या वाटणीत सहा जण: प्रत्येकी ४० गुंठे. वडिलांचे ४० पाच जणांत आठ-आठ. प्रत्येकाला ४८. आईला ४८, भावाला ४८, तुम्हाला ४८. बारा आणि अठ्ठेचाळीस यांच्यातलं हे जे अंतर आहे ते भरायला १९५६ ते २००५ अशी एकोणपन्नास वर्षं लागली. आणि जमीन वडिलांच्या स्वकष्टाची असेल तर वडील गेल्यावर १९५६ च्या मूळ कायद्यानेच तुम्हाला ४८ गुंठे येत होते, फक्त वडिलांनी मृत्युपत्र करून ती दुसऱ्याला दिलेली नसावी. गावात आपण आजोबांकडून आलेल्या सगळ्यालाच वडिलोपार्जित म्हणतो. कायद्यात त्याचे बारकावे आहेत, ते जुने फेरफार बघूनच ठरवावे लागतात. पण तुमच्या बाबतीत मृत्युपत्र नसेल तर दोन्ही वाटांनी आकडा ४८ वरच येतो.

हे गणित मी नवीन वकील मुलींना शिकवते तेव्हा सांगलीच्या हिराबाईंचा दावा सांगते, कारण कायद्याच्या पुस्तकात तो सगळ्यांनी वाचलेला असतो, पण हिराबाईंकडे कुणाचं लक्ष नसतं. खंडाप्पा मगदूम १९६० मध्ये वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. १९६२ मध्ये हिराबाईंनी सांगलीच्या कोर्टात चोवीसपैकी सात हिश्शांचा दावा लावला. खालच्या कोर्टाने एकच हिस्सा दिला. हायकोर्टाने सात दिले. मग मुलगा गुरुपाद सुप्रीम कोर्टात गेला, आणि १९७८ मध्ये तिथे हिराबाई जिंकल्या. सोळा वर्षं एक आई मुलाविरुद्ध उभी राहिली, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या विधवांचा वाटा त्या निकालाने मोजला जाऊ लागला. पण त्याच गणितात त्यांच्या तीन मुलींना चोवीसातला एक-एकच हिस्सा येत होता. आईचा प्रश्न सुटला, मुलींचा तसाच राहिला.

१९७४ मध्ये स्त्रियांच्या स्थितीवरच्या राष्ट्रीय समितीचा अहवाल आला, त्याने मुलग्यांचा जन्मसिद्ध हक्क रद्द करा असं पुन्हा सांगितलं. केरळने १९७५ च्या कायद्याने तेच केलं. बाकी काही राज्यांनी दुसरी वाट धरली, मुलींनाही जन्माने हिस्सेदार करायची. आंध्रने १९८६ मध्ये, तमिळनाडूने १९८९ मध्ये, आणि १९९४ मध्ये कर्नाटक व आपल्या महाराष्ट्राने.

आपल्याकडे ते आपोआप झालेलं नाही. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं, शेतात राबणाऱ्या बायका हजारोंनी आल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली: नवऱ्याने स्वखुशीने बायकोच्या नावावर जमीन करायची, आणि ज्या गावात शंभर घरांनी तसं केलं ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली. नवऱ्याने टाकलेल्या बायका पहिल्यांदाच एकत्र येऊन बोलल्या, आणि कायम पुढे आलेला प्रश्न एकच होता, माहेरी परत आल्यावर राहायचं कुठे आणि खायचं काय. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या गल्लीत अशी एक आत्या होती, भावाच्या घरात मागच्या पडवीत राहायची. माझ्या या कामाची सुरुवात तिथून झाली.

२२ जून १९९४ पासून महाराष्ट्रात मुलगी जन्माने हिस्सेदार झाली. पण त्यात अट होती: त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. म्हणजे तुमचा थोरला भाऊ म्हणतो ते अकरा वर्षं खरं होतं. तो खोटं बोलतोय असं मनात आणू नका, त्याला कुणीतरी तेव्हाचं सांगितलंय. ही अट मला आजही सलते. लग्नात दिलं-घेतलं त्यात वाटा आलाच, असं गृहीत धरलं होतं. हुंडा सासरी जातो, त्यातला रुपया मुलीच्या हातात राहत नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या बघूनही.

९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. विवाहित-अविवाहित हा भेदच राहिला नाही. शेतजमिनीला इतर कायदे लावून मुलींना बाहेर ठेवायची पळवाट, म्हणजे कलम ४(२), तीही गेली. आधीच्या विधेयकात ते कलम काढायचं नव्हतंच. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल आणि देशभरातल्या स्त्री संघटनांनी मोहीम चालवली, तेव्हा ते घडलं. मघाशी मी २० डिसेंबर २००४ ही तारीख सांगितली, ती हे विधेयक राज्यसभेत मांडल्याची. त्याआधी झालेल्या वाटण्या आणि विक्री मोडायच्या नाहीत, असं कायद्यातच लिहिलंय.

मग वडिलांचा घोळ. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका निकालात म्हटलं की दुरुस्तीच्या दिवशी वडील आणि मुलगी दोघं हयात हवेत. तुमचा धाकटा भाऊ सांगतो ते इथलं. २०१८ च्या दुसऱ्या निकालात वेगळा सूर लागला. शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रश्न मिटवला: हक्क जन्माने आहे, म्हणून वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. कागदावरची मानीव वाटणी म्हणजे खरी वाटणी नव्हे, हेही सांगितलं. तोंडी वाटणी झाली होती, असा बचाव सहसा चालणार नाही, सरकारी कागदांतून ठळक पुरावा असेल तरच. ज्यांचे वडील १९५६ चा कायदा येण्याआधीच आई हयात असताना वारले, त्या मुलींना मात्र मुंबई हायकोर्टाने २०२४ मध्ये हक्क नाकारलाय. तुमचं तसं नाही.

एवढं झाल्यावर सहीकडे येते.

निबंधक कार्यालयात मी हे शेकडो वेळा पाहिलंय. बहीण सकाळच्या एसटीने येते, हातात पिशवी, भाचरांसाठी खाऊ. भाऊ चहा पाजतो. लेखनिक कागद पुढे सरकवतो, कॅमेऱ्याकडे बघायला सांगतात, अंगठा लावतात. मजकूर कुणी वाचून दाखवत नाही. दुपारी वहिनी चोळी-बांगडी करते आणि संध्याकाळच्या गाडीने ती परत जाते. त्यातल्या एकीला मी सहज विचारलं होतं, किती सोडलंत? ती म्हणाली, "वारसाची नोंद करायची होती ना?" तिने एकरभर ऊस सोडला होता आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

मी प्रत्येक बहिणीला दावा लाव म्हणत नाही. मी स्वतः हक्कसोड पत्रं लिहून दिली आहेत. एकीचा भाऊ अपंग होता, म्हाताऱ्या आईला तोच सांभाळत होता. तिने आकडा माहीत करून घेतला, चार दिवस विचार केला आणि सोडलं. तो तिचा निर्णय होता. माझा आग्रह एवढाच की तुम्ही ४८ गुंठे आणि त्याचा मोबदला सोडताय हे तुम्हाला माहीत असावं, आणि बाकीच्या वाटाही आहेत हे माहीत असावं. जमीन भावांकडे ठेवून फक्त मोबदल्यातला वाटा घेता येतो. कमी क्षेत्र घेऊन समझोता करता येतो. नुसतं नाव लावून ठेवून भावांना कसू देता येतं.

माहेर तुटेल का, याचं प्रामाणिक उत्तर असं की काहींचं तुटलं. माझ्या एका पक्षकार बाईला भावाच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली नाही, त्या दिवशी ती माझ्या टेबलाशी बसून रडली. काहींचं दोन वर्षं अबोला धरून पुन्हा जुळलं. आणि सह्या करूनही माहेर उरलं नाही अशाही आहेत. त्यातली एक नवऱ्याने टाकल्यावर परत आली तेव्हा वहिनीने तिला तिनेच सही केलेला कागद दाखवला. सही केली की माहेर टिकतं, असं मी माझ्या कामात पाहिलेलं नाही. टिकतं ते माणसांमुळे.

पुढच्या आठवड्याआधी करायच्या गोष्टी सांगते. भावांना शांतपणे कळवा की कागद बघून येते, तारीख पुढे घ्या. भांडण नको, पण सही नको. सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन निघतो. २००१ नंतरचा वारसाचा फेरफार काढा. त्या काळात बऱ्याच तलाठ्यांनी भावांची नावं कब्जेदार म्हणून घेतली आणि बहिणींची "इतर हक्कात" टाकली, किंवा घेतलीच नाहीत. नाव तिथे असलं वा नसलं तरी हक्क जात नाही, फेरफार हा महसुलाचा कागद आहे, मालकी ठरवत नाही. पण मोबदला नावं बघून वाटला जातो, म्हणून भूसंपादन अधिकाऱ्यांकडे, बहुतेक ठिकाणी प्रांताधिकाऱ्यांकडे, वारस म्हणून लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. वाटपावर वाद आहे असं कागदावर आलं की रक्कम परस्पर एकाच्या खात्यात जाणं अवघड होतं. हे काम आठवड्यातच करा, पैसे वाटले गेल्यावर ते परत मिळवायला वर्षं जातात. नवा फेरफार नोंदवला गेला असेल तर हरकतीला नोटीशीपासून पंधरा दिवस असतात.

पूर्वी कधी फसवून सही घेतली असेल तर कळल्यापासून तीन वर्षांत ते पत्र रद्द करून मागता येतं. साध्या स्टॅम्पवरचं, नोंदणी न केलेलं हक्कसोड पत्र असेल तर घाबरू नका, त्याने जमिनीतला हक्क सुटत नाही.

आणि एक, जे तुम्ही विचारलं नाही. आईचेही ४८ गुंठे आहेत. सहीच्या दिवशी तिलाही आणणार असतील. तिला आधी फोन करा, आणि कशावर सही घेताहेत हे तिला वाचून दाखवल्याशिवाय तिने अंगठा लावू नये, एवढं सांगा.